केबल बदलल्यावर ऐकू आलेला फरक येतो कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मित्राने स्पीकरची साधी तार काढून महागडी केबल लावली, तुम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकलं आणि दोघांनाही आवाज 'मोकळा' झाल्यासारखा वाटला. तिसरा मित्र म्हणाला, सगळं थोतांड आहे. तिघांत जुंपली. आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की यात खरं कोण, आणि केबलचं सोडा, महागडा ॲम्प्लिफायर किंवा महागडा डॅक (डिजिटल आकड्यांतून आवाजाचा सिग्नल बनवणारं यंत्र) यांत तरी काही राम आहे का.

आधी उत्तर देतो. तुम्हाला फरक ऐकू आला यावर माझा विश्वास आहे. तो केबलमुळे आला यावर नाही. तिसऱ्या मित्राचं म्हणणं बहुतांशी बरोबर आहे, पण त्याने ते न तपासता ठोकून दिलंय, म्हणून त्यालाही पैकीच्या पैकी गुण देणार नाही.

मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, लोकांच्या खोल्यांत स्पीकर बसवून देतो, मोजमाप करतो. पंचवीसेक वर्षं हेच काम. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही तुमच्या मित्रासारखाच होतो. कपॅसिटर (सर्किटमधला एक छोटा सुटा भाग) बदलला की 'वरचे स्वर उलगडले', तार बदलली की 'बास आवळला', असं छातीठोक सांगायचो. मग एक प्रीॲम्प, म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल हाताळणारं यंत्र, दुरुस्तीला आला.

त्या गृहस्थांना सिग्नलच्या वाटेतले जुने कपॅसिटर काढून नामांकित, जाडजूड फिल्म कपॅसिटर बसवून हवे होते. एका चॅनेलचे बदलले आणि पाहतो तर दुसऱ्या बाजूसाठी आणलेल्या एका कपॅसिटरचा पाय मुळातून तुटलेला. मी फोनवर सांगितलं, आज एकच बाजू झालीय, हवं तर तशीच ऐकून बघा. कोणती बाजू ते बोलण्यात आलंच नाही. संध्याकाळी ते आले, खुर्चीत टेकले, अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "वा! उजवीकडचा पडदाच उठला की. डावी बाजू त्याच्यापुढे अगदी झाकल्यासारखी वाटते." मी मान डोलावली. मला अगदी तेच ऐकू येत होतं. ते गेल्यावर झाकण उघडलं तर नवे कपॅसिटर डाव्या बाजूला. माझ्याच हातांनी बसवलेले, आणि त्या अर्ध्या तासात माझ्याच डोक्यातून बाजू निसटलेली.

उजवीकडे खरंच पडदा नव्हता. डाव्या स्पीकरच्या शेजारी खिडकीचा जाड पडदा होता, उजव्याच्या शेजारी उघडी गुळगुळीत भिंत. वरचे स्वर भिंतीवरून परतत होते आणि पडद्यात विरत होते. ही खोली मी रोज वापरत होतो. हा फरक तिथे कायमच होता, फक्त त्या दिवशी आम्ही दोघं तो शोधायला बसलो होतो, आणि त्याचं श्रेय द्यायला एक वस्तूही समोर होती.

म्हणून 'ऐकू आलं' हे वाक्य मी खोडत नाही. त्याच्या पुढचं 'अमुकमुळे' मात्र तपासून घेतो. तपासायची पहिली गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. या छंदातले निम्मे वाद इथेच संपतात, पण तिथवर कोणी जातच नाही. दोन वस्तूंत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तर कानाला 'हा मोठा, तो लहान' असं कळत नाही. मोठा असेल तो जास्त भरीव, जास्त जवळचा, जास्त 'मोकळा' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू असताना आपल्या कानांना खालचे स्वर खूपच कमी जाणवतात आणि आवाज वाढवला की ते भराभर वर येतात. त्यामुळे पातळी किंचित वाढली तरी संगीताचा तोलच बदलल्यासारखा वाटतो. केबल बदलताना तुमच्या मित्राने व्हॉल्यूम खाली घेतला असणार, आणि मग नॉब 'होता तिथेच' आणला असणार. हाताने आणलेल्या नॉबमध्ये अर्धा-एक डेसिबल सहज इकडेतिकडे होतो.

यावर उपाय अगदी गावठी आहे. १ किलोहर्ट्झचा सलग सूर लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरायचा आणि दोन्ही वेळा आकडा सारखा आणायचा. व्होल्टेजमध्ये १ टक्का फरक म्हणजे साधारण ०.०९ डेसिबल. पहिल्यांदा २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्यांदा १.९८ ते २.०२ च्या आत बसवा, काम झालं. (स्वस्तातला मीटर १ किलोहर्ट्झला पूर्ण खरा बोलत नाही, पण दोन्ही वेळा तेवढंच खोटं बोलतो, त्यामुळे चालतं.) ज्यांनी माझ्यासमोर हे एवढं केलं, त्यांच्यातल्या बहुतेकांचा 'जमीन-अस्मानाचा फरक' त्याच बैठकीत 'हं, थोडासा आहे बहुतेक' इतका उरला.

दुसरी गोष्ट तुमचं डोकं, म्हणजे त्याची जागा. ३.४ किलोहर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी १० सेंटीमीटर असते. थेट येणारा आवाज आणि भिंतीवरून येणारा आवाज एकमेकांत मिसळतात तेव्हा काही स्वर चढतात, काही पडतात, आणि खुर्चीत थोडं रेलून बसलात तरी या चढउतारांच्या जागा सरकतात. तार बदलायला उठलेला माणूस परत नेमका तिथेच बसत नाही.

तिसरी गोष्ट डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली ४० जणांना ४ स्पीकर ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठे, भारदस्त स्पीकर गुणांत पुढे गेले आणि छोट्यांना मार बसला. पडद्याआड ते अंतर बरंच आटलं. माझ्या मते त्यातला जास्त महत्त्वाचा भाग पुढचा आहे. स्पीकरची जागा किंवा गाणं बदलल्यावर आवाजात खरोखर पडणारे फरक लोकांना दिसत असताना कमी कळले, न दिसता जास्त. म्हणजे डोळे नसलेला फरक तर घालतातच, असलेलाही झाकतात. हे श्रोते ऑडिओ कंपनीतच काम करणारे होते, तेव्हा 'अनुभवी कान फसत नाहीत' हा मुद्दा मला सांगू नका. माझे कान अनुभवीच होते.

आता केबल. इथे तिसऱ्या मित्राचाही कान धरतो, कारण 'तारेने काहीच फरक पडत नाही' हेही बरोबर नाही. हिशेब करून बघा. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.००७ ओहम. ३ मीटर अंतर, जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.०४ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरवर त्यातून जाणारी घट ०.०५ डेसिबलपेक्षाही कमी. ती कोणाच्या बापाला ऐकू येणार नाही. पण तीच तार ०.५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे खोक्यात फुकट येते तसली बारीक असेल, तर रोध ०.२ ओहम होतो. आणि '८ ओहम' हा आकडा स्पीकरच्या पाठीवर लिहिण्यापुरता असतो. प्रत्यक्षात कुठल्या स्वराला ३ ओहम, कुठल्याला २० अशी त्याची इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) वरखाली होत असते. बारीक तारेवर ३ ओहमच्या जागी सुमारे ०.६ डेसिबलची घट येते, २० ओहमच्या जागी ०.१ पेक्षाही कमी. एकाच स्पीकरच्या दोन स्वरपट्ट्यांत अर्ध्या डेसिबलचा फरक! तो लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकतो. तुमच्या मित्राची जुनी तार तसली असेल तर नव्या केबलने खरोखर काही बदललं असेल. तेच काम विजेच्या साध्या जाड तारेनेही झालं असतं, हे त्याला जरा बेताने सांगा.

यूएसबी किंवा नेटवर्कच्या केबलवर फार वेळ घालवत नाही. त्यातून आकडे जातात. आकडे चुकले तर टक-टक ऐकू येतं किंवा आवाज तुटतो. तबला तेवढा पुढे आला आणि गायिका दोन पावलं मागे गेली, अशी निवडक चूक आकड्यांना करता येत नाही. संगणकाच्या अर्थिंगमधून येणारी घरघर हा वेगळा प्रकार आहे. ती खरी असते, मोजता येते, आणि केबलच्या किमतीवर नव्हे तर जोडणीवर अवलंबून असते.

ॲम्प्लिफायरचं प्रकरण जरा जास्त रंगतदार आहे. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने महागड्या (हाय-एंड) उपकरणांच्या एका नियतकालिकाच्या संपादकांना आव्हान दिलं: तुम्हाला आवडेल तो ॲम्प निवडा, मी माझा स्वस्त ॲम्प तुम्हाला त्याच्यापासून वेगळा ओळखता येणार नाही असा करून देतो. संपादकांनी कितीतरी पट महाग व्हॉल्व्ह ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) निवडला. कार्व्हरने दोन्हींना एकच सिग्नल दिला, एकाचं आउटपुट दुसऱ्यातून वजा केलं, आणि जे उरेल ते कमी करत नेलं. शेवटी संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. या गोष्टीचा अर्थ 'सगळे ॲम्प सारखेच' असा लावतात, तो चुकीचा आहे. सुरुवातीला ते दोन ॲम्प वेगळे ऐकू येत होतेच. दिसून आलं ते एवढंच की त्या वेगळेपणात जादू नव्हती, तो मोजता येत होता आणि स्वस्त यंत्रात उतरवताही येत होता.

व्हॉल्व्ह ॲम्प खरंच वेगळा वाजतो, कारण बहुतेकांची आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध) एखाद-दोन ओहमच्या घरात असते. वरचा बारीक तारेचा हिशेब आठवा, तिथे ०.२ ओहमने अर्धा डेसिबल हलला होता. इथे त्याच्या पाच-दहापट. स्पीकरच्या इम्पिडन्सचा सगळा चढउतार आवाजात उतरतो. कोणाला तो आवडतो, आवडू दे. मलाही संध्याकाळी एखाद्या जुन्या रेकॉर्डवर आवडतो. पण मग त्याला 'अधिक अचूक' म्हणू नका.

ॲम्प वेगळे वाजण्याचं दुसरं खरं कारण ताकद कमी पडणं. समजा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतो. तुम्ही बसता तिथे अंतरामुळे त्यातले सहा-सात गेले, उरले ८० च्या आसपास. संगीतातला क्षणिक ठोका १०० डेसिबलपर्यंत न्यायचा तर २० डेसिबल जास्त हवे, म्हणजे १०० वॅट. ४० वॅटचा ॲम्प तिथे ठोक्याचा माथाच कापणार, आणि कापलेला ठोका कर्कश लागतो. हा फरक खरा. पण त्यासाठी हवे ते वॅट, आणि वॅट आज महाग राहिलेले नाहीत. ही दोन कारणं आणि गोंगाट सोडला, पातळी जुळवली, की ठीकठाक बनवलेले दोन ट्रान्झिस्टर ॲम्प पडद्याआड ओळखणारा मला अजून भेटलेला नाही.

डॅक आणि 'हाय-रेझ' (सीडीपेक्षा बारीक तपशिलाच्या) फायलींची गोष्टही त्याच वळणाची. सीडी १९८२ साली आली, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट (सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा). त्यात २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं बसतं, आणि सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलच्या आसपास. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हाय-रेझ आवाजाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि लोकांना विचारलं, तो कधी आत आहे, कधी बाहेर. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. मात्र व्हॉल्यूम खूप वाढवून शांत जागा ऐकली, तर सीडीचा खरखराट कळत होता. उलट बाजूही सांगायला हवी. जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, आणि प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांची त्याहून बरीच जास्त. म्हणजे शून्य नाही. पण ज्या फरकाला 'डोळ्यांवरची झापडं उतरली' वगैरे म्हटलं जातं, तो ५० ऐवजी ५२ वेळा ओळखता येत असेल तर झापडं भलतीच पातळ असली पाहिजेत.

याहून मोठा प्रयोग कोणी ठरवून केलाच नाही, तो आपोआप झाला. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या रेकॉर्डसाठी ॲनलॉगप्रेमींत (डिजिटल टाळणाऱ्या हौशींत) अतिशय मानाची. २०२२ साली उघड झालं की त्यांच्या अनेक रेकॉर्डमध्ये, २०११ पासून, मध्ये एक डिजिटल टप्पा होता. तोवर याच रेकॉर्ड 'डिजिटलचा स्पर्श नसलेला' आवाज म्हणून लोक एकमेकांना ऐकवत होते. खटला झाला, तडजोड झाली. फसवणुकीचा राग रास्तच होता. पण दहा-अकरा वर्षं इतक्या जाणकार कानांतून तो टप्पा बिनबोभाट पार झाला, ते उघड झालं कानांमुळे नव्हे तर चौकशीमुळे, याबद्दल पुढे फारसं कोणी बोललं नाही.

हौशी लोकांचा पडद्याआडच्या चाचणीवर एक आक्षेप असतो: परीक्षेच्या ताणात, तुकडे ऐकून सूक्ष्म गोष्टी कळत नाहीत, त्या आठवडाभराच्या सहवासात कळतात. मला हा आक्षेप फेटाळावासा वाटत नाही. ताण असतो, मी तो स्वतः अनुभवलाय. पण मग चाचणी आठवडाभराची करा ना, कोणी अडवलंय? घरातल्या कोणाला तरी दर रविवारी नाणं उडवून वस्तू बदलायला किंवा न बदलायला सांगा, वर कापड टाका, तुम्ही वहीत लिहीत जा. एवढं करणारा मला आजवर एकच भेटला. आणि उलट, 'सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांतला तर एकही नाही. त्यांचा विश्वासही ऐकीवच असतो, फक्त दुसऱ्या बाजूचा.

मग पैसे कुठे लावावेत? स्पीकर आणि खोली. चांगल्या ॲम्पची विकृती, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये नसलेली भर, ०.०१ टक्क्याच्याही खाली असते. स्पीकरची, विशेषतः खालच्या स्वरांत जोरात वाजवताना, एक-दोन टक्क्यांपर्यंत सहज जाते. दोन स्पीकर पडद्याआडही ओळखता येतात, आणि मोठा वूफर, जड खोकं, यांना पैसे लागतातच. पण तिथेही किमतीवर डोळे झाकून जाऊ नका. यरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशेजारी ठेवली, तर कुठल्या स्वराला किती जोर हे आणि किंमत यांचा संबंधच सापडला नाही.

खोलीबद्दल मात्र हात आखडता घेता येत नाही. तुमच्या मित्राची खोली ४.३ मीटर लांब असेल तर त्या लांबीत ४० हर्ट्झचा अर्धा तरंग बरोबर मावतो. हा स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी घुमतो आणि मध्यावर जवळजवळ गायब होतो. त्याच्या दुप्पट, ८० हर्ट्झ, मध्यावर घुमतो. चढ आणि उतार यांत मिळून २० डेसिबलचं अंतर मी नेहमी पाहतो. तो म्हणतो 'बास आवळला', आणि खुर्ची अर्धा मीटर मागे गेली तर बास आवळतो, सुटतो, नाहीसा होतो, हवं ते करतो. स्पीकरच्या पुढच्या तोंडापासून मागची भिंत १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो, कारण मागून परतलेला आवाज नेमका उलटा होऊन येतो. मोजायचा माइक एकदाच घ्या, रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि एक दुपार द्या. पहिला आलेख बघून बहुतेक लोक गप्प होतात. एका गृहस्थांनी तर विचारलं, माइक बिघडलाय का?

बाकी, जाड ॲल्युमिनियमचं पॅनल, लोण्यासारखा फिरणारा नॉब, अंधारात तांबूस दिसणारे व्हॉल्व्ह, याचा आनंद मला पूर्ण मान्य आहे. माझ्याकडेही गरजेपेक्षा तीनपट जड ॲम्प आहे, आणि मी त्याचं झाकण पुसत बसतो. तुमच्या मित्राला केबल दिसायला आवडत असेल तर राहू दे. त्याच्याशी वाद घालायचाच असेल तर पुढच्या वेळी नीट घाला.

पद्धत अशी. संशयी मित्राने दर फेरीला नाणं उडवायचं, त्याप्रमाणे तार बदलायची किंवा बदलल्याचं नाटक करायचं. दोन्ही वेळा तेवढाच वेळ, तेवढीच खुडबुड, ऐकणारे खोलीबाहेर. मग त्याने स्वतः बाहेर जायचं, म्हणजे चेहऱ्यावरून काही कळायला नको. ऐकणाऱ्याने आत येऊन खुर्ची खुणेवर आहे ना ते बघून बसायचं आणि कागदावर 'जुनी' की 'नवी' लिहायचं. फेऱ्या १६. त्यातल्या १२ किंवा जास्त बरोबर आल्या तर फरक खरा मानायचा, हे आधीच ठरवा, नंतर नाही. निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात चार असते. १६ फेऱ्या कंटाळवाण्या होतात, आठ-आठच्या दोन बैठका करा.

आणि दर वेळी तार काढण्याआधी ॲम्प बंद करायला विसरू नका. उघडी टोकं एकमेकांना चिकटली की आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडतात, आणि मग तो ॲम्प माझ्या टेबलावर येतो.